पगारातली व्ही-एट

मसल कार, म्हणजे साध्या मधल्या आकाराच्या गाडीत मोठं ताकदवान इंजिन घातलेली अमेरिकन गाडी, तिचा विषय निघाला की लोक आधी हॉर्सपॉवर विचारतात. मला आधी किंमत सांगावीशी वाटते, कारण माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. १९६८ साली प्लिमथने रोडरनर नावाची गाडी काढली, ३८३ क्युबिक इंचांचं म्हणजे साधारण ६.३ लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन, ३३५ हॉर्सपॉवर, आणि किंमत सुरू व्हायची २,८९६ डॉलरपासून. तीन हजाराच्या आत बसवायचीच असं आधी ठरवून बनवलेली गाडी होती ती. आत कार्पेट नाही, रबरी मॅट. पुढे बाकड्यासारखी सलग सीट. क्रोमचा झगमगाट नाही. जो काही पैसा घातला तो इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शनमध्ये घातला. हौस म्हणून एकच गोष्ट केली, कार्टूनमधला रोडरनर पक्षी जसा बीप-बीप करतो तसा हॉर्न दिला, आणि त्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर मोजले. म्हणजे गिऱ्हाईक कोण हे त्यांना पक्कं माहीत होतं. विशी-बाविशीतला पोरगा, हातात पहिलीवहिली कायमची नोकरी, शनिवारी रात्री मोकळा.

डेट्रॉईटच्या कारखान्यात काम करणाऱ्याला ही गाडी वर्षभराच्या पगारापेक्षा बऱ्याच कमी पैशात मिळायची, ती पण हप्त्यांवर. त्या काळात एवढ्या वेगाची युरोपियन गाडी घ्यायची तर घरात गडगंज पैसा लागायचा. आणि इथे दिवसभर लाइनवर नट आवळणारा माणूस संध्याकाळी तीच गाडी चालवत घरी जाऊ शकत होता. मी स्वतः गाड्यांच्या इंजिनांवर काम करते, पुण्यात शिकले आणि आता डेट्रॉईटच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहते, आमच्या आजूबाजूला ट्रॉय, नोव्हाय, कँटन या भागात मराठी घरं भरपूर आहेत आणि त्यातली निम्मी तरी या ना त्या वाटेने गाड्यांच्या धंद्यातच असतील. त्यामुळे या गाड्यांचं कौतुक मला फक्त वेगामुळे नाही. ज्या हातांनी बनवल्या त्याच हातांना परवडल्या, याचं आहे.

सुरुवात कुठे झाली यावर शौकीन मंडळी तासन्‌तास वाद घालतात, पण बहुतेक जण १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपाशी येऊन थांबतात. तिच्या जन्माची कथा मला फार आवडते कारण ती एका पळवाटेची कथा आहे. जनरल मोटर्सने १९६३ च्या सुरुवातीला आपल्या सगळ्या विभागांना रेसिंग बंद करायला लावलं. पॉन्टियाकची तर सगळी ओळखच रेसिंगवर उभी होती, मग आता विकायचं काय? जॉन डिलोरियन तिथे मुख्य इंजिनिअर होते, बिल कॉलिन्स आणि रस जी हे त्यांच्याबरोबरचे इंजिनिअर. टेम्पेस्ट नावाची मधल्या आकाराची गाडी चाचणीला उचलून धरलेली असताना यांच्या लक्षात आलं की मोठ्या गाडीतलं ३८९ चं इंजिन हिच्यातही बसतंय, माउंट म्हणजे इंजिन टेकवायच्या जागा त्याच आहेत. अडचण एकच, मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असा कंपनीचा नियम होता. पण नियम होता नव्या मॉडेलसाठी. टेम्पेस्ट ल मान्सवर एक ऑप्शन म्हणून दिलं तर वरच्या कमिटीकडे जायची गरजच नव्हती. मग तसंच केलं, साधारण तीनशे डॉलरचं ऑप्शन पॅकेज, नाव जीटीओ. नाव फेरारीकडनं उचललेलं, त्यावरनं तेव्हाच्या शुद्धतावाद्यांचा अगदी तिळपापड झाला होता. विक्री खात्याला एवढी धास्ती की त्यांनी पाच हजारांच्या वर बनवू नका म्हणून सांगितलं. पहिल्या वर्षी ३२,४५० विकल्या गेल्या. १९६६ साली लाखाच्या जवळ.

बाकीचे काय गप्प बसणार होते! शेव्हीची म्हणजे शेव्ह्रोलेची शेवेल एसएस आली, ओल्ड्समोबिलची ४-४-२, ब्युइकची ग्रॅन स्पोर्ट, डॉजची चार्जर, आणि क्रायसलरने तर रेसमधलं ४२६ चं हेमी इंजिन १९६६ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांना देऊन टाकलं. फोर्डची मस्टँग १९६४ च्या एप्रिलमध्ये न्यू यॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये आली, ती पोनी कार, म्हणजे आटोपशीर स्पोर्टी गाडी, मसल कार नव्हे, असं म्हणणारे कट्टर लोक आहेत, पण मोठं इंजिन घातलेली मस्टँग शेजारी येऊन उभी राहिली की त्यांचाही जीव वर-खाली होतोच.

आता वुडवर्ड अव्हेन्यूबद्दल. हा रस्ता बघितल्याशिवाय या गाड्या समजत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. डेट्रॉईट नदीपाशी सुरू होतो आणि वायव्येला पॉन्टियाक गावापर्यंत जातो, साधारण २७ मैल. हो, पॉन्टियाक हे गावाचंच नाव, आणि गाडी तिथेच बनायची. वाटेत हायलंड पार्क लागतं, तिथे वुडवर्डवरच हेन्री फोर्डचा तो कारखाना आहे जिथे १९१३ मध्ये मॉडेल टीची सरकती असेंब्ली लाइन सुरू झाली आणि १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर पगार जाहीर झाला. त्याच्या थोडं वर, सिक्स माइल आणि सेव्हन माइल रोडच्या मधे, १९०९ साली याच रस्त्याचा एक मैल काँक्रीटचा केला, अमेरिकेतला तसला पहिला. पुढे उपनगरांत रस्ता चांगला रुंद होतो, दोन्ही बाजूंना चार-चार लेन, मधे गवताचा मोठा पट्टा, आणि त्या पट्ट्यातनं थोड्या थोड्या अंतरावर यू-टर्न घ्यायला जागा. म्हणजे रात्रभर वर जा, वळा, खाली या, वळा. साठच्या दशकात पोरं हेच करायची. टेड्स, टोटेम पोल अशी ड्राइव्ह-इन हॉटेलं होती, गाडीतच बसून खायचं, कोण आलंय बघायचं, डोळ्यांनीच आव्हान द्यायचं आणि पुढच्या सिग्नलला शेजारी शेजारी उभं राहायचं.

आणि नुसती पोरं नव्हती हं. या कंपन्यांचे इंजिनिअर राहायला याच भागात. दिवसा ड्रॉइंग बोर्डवर काम करायचं आणि रात्री अजून बाजारात न आलेले पार्ट लावलेली गाडी घेऊन वुडवर्डवर यायचं, असे किस्से इथल्या जुन्या माणसांकडनं इतक्यांदा ऐकलेत. रॉयल ओक या उपनगरात रॉयल पॉन्टियाक नावाची डीलरशिप होती, एस विल्सन यांची, ते जीटीओ विकत घेतल्यावर वर थोडे पैसे घेऊन बॉबकॅट नावाचं किट बसवून द्यायचे, पातळ हेड गॅस्केट, कार्ब्युरेटरचे जेट, इग्निशनचा अ‍ॅडव्हान्स बदललेला, अशा बारीकसारीक गोष्टी, पण सगळ्या मिळून गाडीचं रूपच पालटायचं. माझ्या कामात आम्ही ज्याला फील्ड टेस्टिंग म्हणतो त्याचा तो काळ वेगळाच होता म्हणायचा. रस्त्यावर शर्यत लावणं चांगलं असं मी अजिबात म्हणणार नाही, त्यात माणसं मेलीत, जीटीओचे पुढचे-मागचे दोन्ही ब्रेक साडेनऊ इंची ड्रमचे आणि इंजिन तीनशेच्या वर हॉर्सपॉवरचं, म्हणजे दोन-तीनदा जोरात दाबले की ब्रेक तापून गेलेच. सुरुवातीच्या जीटीओला डिस्क ब्रेक ऑप्शनमध्येसुद्धा नव्हते, ते १९६७ ला आले. पळायची सोय आधी केली आणि थांबायची नंतर, हा या गाड्यांचा खरा दोष आहे आणि प्रेम असलं तरी तो लपवू नये.

आवाजाबद्दल मात्र मला सविस्तर बोलू द्या.

बुलेटचा आवाज आपल्याकडे कुणाला सांगावा लागत नाही, गल्लीच्या तोंडाशी असली तरी घरात बसून कळतं. एकच मोठा सिलिंडर, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) दोनदा फिरला की एकदा धमाका, दोन ठोक्यांमधली रिकामी जागा कानाला ऐकू येते आणि त्या रिकाम्या जागेतच खरी गंमत असते. अमेरिकन व्ही-एटमध्ये आठ सिलिंडर, दर ९० अंशांना एक धमाका, म्हणजे खरं तर एकसारखा सपाट आवाज यायला हवा. येत नाही. कारण क्रँक क्रॉसप्लेन आहे, टोकाकडनं बघितला तर पिस्टन जोडायच्या जागा अधिकच्या चिन्हासारख्या चार दिशांना असतात. पॉन्टियाकचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२, विषम आकडे डाव्या बाजूचे, सम उजव्या बाजूचे. आता हे नुसतं डावं-उजवं म्हणून वाचा, डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा. बघा, मधे उजवीकडे लागोपाठ दोन आहेत, मग डावीकडे लागोपाठ दोन. एका बाजूच्या सायलेन्सरपाशी कान लावला तर धमाक्यांमधलं अंतर ९०, मग १८०, मग २७०, मग १८० असं पडतं. लंगडती, गुरगुरती लय तिथनं येते. फेरारीच्या व्ही-एटचा क्रँक सपाट, डावं-उजवं-डावं-उजवं असं नेमाने चालतं, म्हणून ती किंचाळते आणि ही घुमते. त्यात परत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या मोठ्या कॅमशाफ्टने इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदमच उघडे राहतात, त्यामुळे आयडलवर मिश्रण नीट जळत नाही, इंजिन एकदा पकडतं एकदा सोडतं, सगळी गाडी उभ्या उभ्या हलत असते. मी हे सगळं कागदावर शिकले होते, आकडे पाठ होते, पण पहिल्यांदा सिग्नलला शेजारी अशी गाडी येऊन उभी राहिली तेव्हा माझ्या गाडीच्या दारातला कप थरथरला आणि आकड्यांचं शरीर काय असतं ते कळलं.

आमच्या गल्लीत एक आजोबा राहतात, पॉन्टियाकच्या कारखान्यातनं रिटायर झालेले. त्यांच्याकडे १९६६ ची जीटीओ आहे, तरुणपणी सेकंडहँड घेतलेली, तेव्हापासून तीच. मी इंजिन कॅलिब्रेशनमध्ये आहे म्हणजे किती पेट्रोल, कधी स्पार्क, हे इंजिनच्या कॉम्प्युटरला शिकवणं हे माझं काम, लॅपटॉप जोडायचा, हजारो आकड्यांची टेबलं भरायची. हे कळल्यावर त्यांनी एका शनिवारी मला गॅरेजमध्ये बोलावलं. गाडी गरम करून आयडलवर सोडली. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना स्पार्क वाटणारा भाग, त्याच्या कॅपवर पत्र्याची एक छोटीशी खिडकी असते, डेल्को कंपनीची ती खास रचना, ती त्यांनी नखाने वर सरकवली. आत एक बारीक स्क्रू दिसतो, त्यात अ‍ॅलन की घातली आणि इंजिन चालू असतानाच हळूहळू उजवीकडे फिरवायला लागले. मला म्हणाले, ऐक. मी ऐकत होते, काही फरक कळेना, मग एकदम इंजिन अडखळलं, एक ठोका चुकला, परत चुकला. तेवढ्यात त्यांनी की अर्धा फेरा उलटी फिरवली आणि इंजिन सुतासारखं सरळ झालं. खिडकी खाली. झालं, पॉइंट्स, म्हणजे स्पार्कसाठी उघडमीट करणारे संपर्क, सेट. माझ्या हातात त्यांनी ड्वेल मीटर दिला, पॉइंट्स किती अंश मिटलेले राहतात ते दाखवणारा, बघ म्हणाले, काटा बरोब्बर ३० अंशांच्या आसपास. मग की माझ्या हातात दिली आणि परत पहिल्यापासून करायला लावलं. डोळे मिटून करायला सांगितलं.

त्या दिवसापासून मला या शौकीन लोकांचं खरं मोठेपण कशात आहे ते दिसायला लागलं. हे ज्ञान कुठल्या फाइलमध्ये नाही, बोटांत आणि कानांत आहे. कार्ब्युरेटरची मिक्श्चर स्क्रू व्हॅक्युम गेजचा काटा बघत अशी फिरवायची की काटा सर्वात वर जाऊन स्थिर राहिला पाहिजे, थंडीत चोक किती वेळ ठेवायचा, आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप कसे फुगतात आणि कुठले बदलायचे, पेट्रोलमधलं लीड म्हणजे शिसं काढून टाकल्यावर व्हॉल्व्ह सीटचं काय करायचं. विचारलं की सांगतात, आणि सांगताना हात आधी चालतो, तोंड नंतर. आमच्या ऑफिसातली नवीन पोरं, त्यात भारतातनं आलेली पण बरीच, मी दर वर्षी आजोबांकडे घेऊन जाते, एक तास तिथे उभं राहिलं की ट्रेनिंगचे चार दिवस वाचतात हे मी अगदी मनापासून सांगते.

कागदपत्रांचा नाद हा या शौकाचा अजून एक भाग, बाहेरच्या माणसाला तो चमत्कारिक वाटतो पण त्यामागे कारण आहे. १९६४ आणि ६५ ची जीटीओ कागदोपत्री स्वतंत्र मॉडेल नव्हतीच, मघाशी म्हटलं तसं ऑप्शन होतं, त्यामुळे चासीच्या नंबरावरनं ती जीटीओ की साधी ल मान्स हे कळतच नाही. बॅज लावून, बॉनेट बदलून साध्या गाडीची जीटीओ करणारे किती तरी. म्हणून पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडनं कारखान्याच्या मूळ बिलिंगच्या नोंदी मागवायच्या. क्रायसलरच्या गाड्यांत मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये कधी कधी कारखान्यातला बिल्ड शीटचा कागद, म्हणजे या गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी, सापडतो, लाइनवरच्या कुणीतरी तसाच कोंबलेला, उंदरांनी कुरतडलेला, तेलाचे डाग पडलेला, आणि त्या कागदासाठी लोक सीट उसवतात. इंजिनवरचा नंबर आणि गाडीचा नंबर जुळला तर नंबर्स मॅचिंग. मला यातलं एक आवडतं, कागद सांगतो की ही गाडी अमुक दिवशी अमुक रंगात कुणासाठी तरी बनली होती. एक आवडत नाही, ते म्हणजे याच कागदांमुळे गाडीची किंमत अशी फुगते की मग ती बाहेरच निघत नाही. प्लिमथची १९७१ ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल फक्त ११ बनल्या, त्यातली एक २०१४ मध्ये ३५ लाख डॉलरला गेली. ती गाडी आता कोण पावसात काढणार?

म्हणूनच ब्लॅक घोस्टची हकीकत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

१९७० च्या सुमाराला डेट्रॉईटच्या रस्त्यांवर एक काळी डॉज चॅलेंजर यायची. मागच्या बाजूला पांढरा पट्टा, छतावर मगरीच्या कातडीसारखं दिसणारं काळं व्हिनाइल, बॉनेटखाली ४२६ हेमी, चार गिअर. रात्री कधीतरी वुडवर्डवर उगवायची, समोर येईल त्याला मागे टाकायची आणि गायब. मग कित्येक आठवडे पत्ता नाही. चालवणारा कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नाही, आणि तोही कुणाशी बोलायला थांबायचा नाही. म्हणून नाव पडलं ब्लॅक घोस्ट. चालवणारे होते गॉडफ्री क्वॉल्स, डेट्रॉईट पोलिसातले मोटरसायकलवरचे अधिकारी, त्याआधी सैन्यात पॅराट्रूपर. पोलिसाची नोकरी, आणि रात्री रस्त्यावर शर्यत, कळलं असतं तर नोकरीच गेली असती. त्यात कृष्णवर्णीय माणूस, १९६७ च्या दंगलीनंतरचं डेट्रॉईट, जिथे पोलीस खात्यात काळ्या अधिकाऱ्यांची संख्या मोजकीच होती. या एका गोष्टीवर जितका विचार करावा तितका कमी. दिवसभर युनिफॉर्ममध्ये जो माणूस प्रत्येकाच्या नजरेत आहे, दोन्ही बाजूंच्या संशयात आहे, त्याला रात्री काळ्या गाडीत काही मिनिटं कुणीच ओळखत नाही. मी हे माझ्या मनाने म्हणतेय, त्यांनी असं कुठे सांगितलेलं नाही, पण ती गाडी बघितली की मला हेच वाटतं.

सत्तरच्या दशकाच्या मध्यात त्यांनी शर्यती सोडल्या, संसार होता, गाडी गॅरेजात गेली आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिली. विकत मागणारे आले, दिली नाही. २०१५ मध्ये ते गेले, जाण्याआधी गाडीचे कागद मुलाच्या हातात दिले. मुलाने ती परत चालू केली, पण रंगरंगोटी करून नवीकोरी केली नाही, ओरखडे, झिजलेला रंग, सगळं तसंच. मग शहरातल्या म्हाताऱ्या शौकिनांना कळलं की आपल्याला हरवून जाणारी ती गाडी कुणाची होती. २०२० मध्ये तिची नोंद नॅशनल हिस्टॉरिक व्हेइकल रजिस्टरमध्ये झाली, देशाच्या इतिहासात महत्त्वाच्या मोजक्या गाड्यांची ती यादी. आणि २०२३ च्या मे महिन्यात इंडियानापोलिसच्या लिलावात ती दहा लाख डॉलरच्या वर विकली गेली. विकल्याबद्दल त्या कुटुंबाला नावं ठेवणारे खूप निघाले. मला ते पटत नाही. ज्यांनी पोलिसाच्या पगारात ती घेतली त्यांच्याच घरात ते पैसे आले, यापेक्षा योग्य जागा कुठली?

उतरती कळा कशी लागली हे सगळ्यांना माहीत आहे, थोडक्यात सांगते. विमा कंपन्यांनी तरुण पोरांचे हप्ते एवढे वाढवले की गाडीपेक्षा विमा जड व्हायला लागला. १९७० चा क्लीन एअर अ‍ॅक्ट आला, १९७१ पासून जनरल मोटर्सने कमी लीडच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन खाली आणलं, १९७२ पासून हॉर्सपॉवर मोजायची पद्धतच बदलली आणि आकडे एकदम बरेच खाली आल्यासारखे दिसू लागले, आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल बंद केलं. १९७४ ची शेवटची जीटीओ २०० हॉर्सपॉवरची होती. हवा स्वच्छ झाली हे चांगलंच झालं, माझं आजचं काम त्याच कायद्याच्या वाटेवर चालतं. पॉन्टियाक हा ब्रँड मात्र गेलाच, २००९ मध्ये जनरल मोटर्सने बंद करायची घोषणा केली. आजोबांच्या गॅरेजात त्या एप्रिलमधला पेपर अजून भिंतीला आहे.

पुढे मस्टँग २००५ मध्ये जुन्या रूपात आली, चॅलेंजर २००८ मध्ये परतली, कॅमारो तिच्या मागनं. चॅलेंजरच्याच २०१५ च्या हेलकॅट रूपात सुपरचार्जर लावलेलं ६.२ लिटरचं हेमी, ७०७ हॉर्सपॉवर, आणि बरोबर दोन किल्ल्या, लाल किल्लीने पूर्ण ताकद, काळीने ५०० च्या आसपास. आजोबांच्या जीटीओच्या दुप्पट ताकद आणि वर एसी, एअरबॅग, चांगले ब्रेक. भारतातही मस्टँग अधिकृतपणे आली ती २०१६ मध्ये, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली मस्टँग कारखान्यातनंच यायला लागली होती म्हणून, पण ६५ लाखांना, म्हणजे जिचा सगळा अर्थच पगारदाराची गाडी असा होता ती आपल्याकडे पोचली तेव्हा श्रीमंतांची होऊनच पोचली. २०२३ च्या डिसेंबरात कॅनडातल्या ब्रॅम्प्टनचा चॅलेंजर-चार्जरचा कारखाना थांबला, त्याच महिन्यात लान्सिंगमध्ये शेवटची कॅमारो बनली. डॉजने इलेक्ट्रिक चार्जर काढली आणि तिला आवाज यावा म्हणून वेगळी यंत्रणा बसवली. मी स्वतः इलेक्ट्रिकच्या विरुद्ध नाही, ताकद बघितली तर ती सगळ्या जुन्यांना मागे टाकते. मला काळजी वेगळीच आहे, एकवीस वर्षांच्या पोराला स्वतःच्या पगारात घेता येईल आणि स्वतःच्या हाताने उघडता येईल अशी वेगवान गाडी आता कोण बनवतंय? नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तर वर प्लॅस्टिकचं झाकण, आणि आतल्या कॉम्प्युटरला कुलूप. ते कुलूप लावण्यात माझ्यासारख्यांचं काम आहे, त्याची कारणं खरी आहेत, तरी ते खुपतं.

वुडवर्ड ड्रीम क्रूझ १९९५ मध्ये सुरू झाली, फर्नडेल गावाला मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करायचे होते त्यातनं. आता ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी लाखो लोक येतात. कुणी इकडे येणार असाल तर माझा सल्ला, शनिवारी नका येऊ, शनिवारी नुसता ट्रॅफिक जॅम आणि तंबू. त्या आठवड्यातल्या बुधवारी-गुरुवारी संध्याकाळी या. फोल्डिंग खुर्ची घ्या, थर्टीन माइल रोडच्या आसपास गवतावर बसा. ज्या गाडीचा रंग थोडा उडालाय, सीट फाटलीय, नंबर प्लेट वाकलीय, तिच्या मालकाकडे जा. किमतीचं काही विचारू नका. गाडी आधी कुणाची होती ते विचारा, वडिलांची, मोठ्या भावाची, व्हिएतनामला गेलेल्या मित्राची, काहीतरी निघतंच. मग म्हणा, जरा बॉनेट उघडता का. नाही म्हणणारा मला अजून भेटलेला नाही, आणि तो इंजिनवर वाकला की तुम्हीही वाका, तो दाखवतो तिथे हात लावून बघा, फक्त एक्झॉस्टच्या पाइपांना लावू नका, तासभर तरी तापलेले असतात.